धनुष्याच्या आवाजाने हरीण खाली दबकते, ते बाण चुकवण्यासाठी की पळण्यासाठी?

खानापूरचा तिरंदाज (प्रश्न)

नमस्कार मंडळी. मी बेळगावात शाळकरी मुलांना तिरंदाजी शिकवतो आणि राहायला खानापूर तालुक्यात आहे. माझा मावसभाऊ काही वर्षांपासून अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यात आहे. तेथे दर शरद ऋतूत धनुष्यबाणाने हरणाची शिकार करण्याचा स्वतंत्र हंगाम असतो आणि तो रीतसर परवाना काढून त्यात भाग घेतो. गेल्या महिन्यात त्याने मला एक चित्रफीत पाठवली. सुमारे ४० यार्डांवर, म्हणजे साधारण ३७ मीटरवर, पांढऱ्या शेपटीचे हरीण आडवे उभे आहे. दोरी सुटल्याचा ठक्क असा आवाज होतो, हरीण चारही पाय दुमडून जमिनीलगत येते आणि बाण त्याच्या पाठीवरून निघून जातो.

भावाचे म्हणणे असे की हरणाने बाण येताना पाहिला आणि तो चुकवला. मला हे पटत नाही, पण खोडून काढण्याइतकी माहितीही माझ्याजवळ नाही. त्याचा बाण सेकंदाला सुमारे २८० फूट वेगाने जातो आणि आता तो ३२० फुटांचे नवे धनुष्य घेण्याच्या विचारात आहे. माझे प्रश्न दोन आहेत. हरीण बाजूला न उडता खालीच का जाते? आणि अधिक वेगवान किंवा अधिक शांत धनुष्य घेतल्याने हे टळेल का? बाण चुकून पार निघून गेला तर एक वेळ ठीक, पण तो भलत्या जागी लागला तर जखमी जनावर रानात तडफडत राहते. मला त्याचीच काळजी अधिक वाटते.

निपाणीचा मास्तर

आपली शंका रास्त आहे. हरीण बाण चुकवत नाही, ते पळायला निघालेले असते. स्थिर उभ्या असलेल्या कोणत्याही प्राण्याला उसळी घ्यायची असेल, तर आधी सांधे दुमडावे लागतात, कारण सरळ ताठ पायांत जमिनीला रेटा देण्यासाठी जागाच उरलेली नसते. आपण स्वतः उभ्या जागेवरून उडी मारून पाहा. गुडघे वाकवल्याशिवाय ती मारताच येणार नाही. चित्रफितीत दिसणारे दबकणे ही त्या झेपेची पहिली पायरी आहे आणि बाण नेमका त्या क्षणी येऊन पोहोचतो, म्हणून पाहणाऱ्याला ती हुलकावणी वाटते.

आता हिशेब पाहू. ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे १,१२५ फूट आहे, म्हणजे आपल्या भावाच्या बाणाच्या चौपट. ४० यार्ड म्हणजे १२० फूट अंतर आवाज ०.११ सेकंदात कापतो आणि बाणाला ०.४३ सेकंद लागतात. म्हणजे आवाज कानी पडल्यानंतर बाण येईपर्यंत हरणाला ०.३२ सेकंद मिळतात. त्यातील ०.१ सेकंद दचकून स्नायू हलू लागण्यात गेला असे केवळ गणितापुरते धरू. उरलेल्या ०.२२ सेकंदात पाय सैल सोडलेले शरीर गुरुत्वाकर्षणाने सुमारे २४ सेंटीमीटर खाली येऊ शकते. हरणाच्या छातीतील हृदय आणि फुप्फुसांचा भाग उंचीला जेमतेम २० ते २५ सेंटीमीटर असतो. हे दोन आकडे शेजारी ठेवले की चित्रफितीत काय घडले ते स्पष्ट होते.

हेच अंतर २० यार्ड केले, तर आवाज आणि बाण यांतील फरक ०.१६ सेकंदावर येतो, दचकण्याचा वेळ वजा जाता ०.०६ सेकंद उरतो आणि तेवढ्यात शरीर दोन सेंटीमीटरही खाली येत नाही. खाली पडण्याचे अंतर वेळेच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, म्हणून अंतर दुप्पट झाले की चूक दुप्पट न होता दहापटीहून अधिक होते. नव्या धनुष्याने ४० यार्डांवर साधारण ०.०५ सेकंद वाचेल आणि तेही वाया जाणार नाही, कारण दबकणे २४ वरून १४ सेंटीमीटरच्या आसपास येईल. पण २० यार्ड जवळ गेल्याने जे साधते, ते कोणत्याही धनुष्याने साधणार नाही. ध्वनीला मागे टाकणारा बाण अजून कोणी बनवलेला नाही.

टिळकवाडीचा जुना धनुर्धर

मास्तरांनी वेगाचे सांगितले, मी आवाजाचे सांगतो, कारण पस्तीस वर्षे रिकर्व्ह, म्हणजे टोके पुढे वळलेले धनुष्य, हाताळल्यावर मला धनुष्य बिघडले आहे की नाही हे डोळ्यांआधी कानांना कळते.

आपण मुलांना पहिल्याच दिवशी बजावतो की बाण न लावता ओढलेली दोरी सोडायची नाही, नाहीतर लिंब, म्हणजे धनुष्याची वाकणारी पाती, तडकेल. त्याच नियमात या प्रश्नाचे उत्तर आहे. ओढलेल्या धनुष्यात साठलेली शक्ती बाण घेऊन जातो; जी तो नेत नाही ती लिंब आणि दोरी यांच्यात उरते, तेथे थरथर होते आणि तीच आपल्याला ऐकू येते. बाण हलका असेल तर तो शक्तीचा कमी वाटा उचलतो आणि धनुष्य अधिक वाजते. बाण जड केला की वेग उतरतो, पण आवाज बराच दबतो. वेगाच्या हव्यासाने फार हलके बाण वापरणारा माणूस हरणाला अधिक मोठ्याने हाक मारत असतो, हे आपल्या भावाला अवश्य सांगा.

दोरी आणि मूठ यांमधील अंतर ठरावीक मापापेक्षा कमी झाले तर रिकर्व्हची दोरी लिंबावर आपटून थाप मारल्यासारखा आवाज येतो. दोरीला पीळ देऊन ते अंतर वाढवले की तो पुष्कळ कमी होतो. दोरीवर रबराचे झुपके किंवा लोकरीचे गोंडे बांधतात, तेही कंप शोषण्यासाठीच. बाण ओढताना तो टेकूवर, म्हणजे धनुष्यावर बाण टेकवतात त्या आधारावर, घासून खरखरतो; त्याला फेल्टचा, म्हणजे दाबून केलेल्या लोकरी कापडाचा, तुकडा पुरतो. हा घासण्याचा आवाज मला सर्वांत घातक वाटतो, कारण तो बाण सुटण्याआधीच होतो आणि जनावर सावध झालेले असतानाच नेम धरला जातो.

पण धनुष्य पूर्ण मुके करता येत नाही. पांढऱ्या शेपटीच्या हरणाचे कान ४ ते ८ किलोहर्ट्झच्या पट्ट्यात विशेष तिखट असतात आणि धातूचा टकटकाट, घासणे, काटकी मोडणे असे तीक्ष्ण आवाज त्यांच्या कानांना सहज सापडतात.

जांबोटीचा शेतकरी

मी धनुष्य कधी हाती धरलेले नाही, पण भाताच्या राखणीला माळ्यावर अनेक रात्री काढल्या आहेत आणि भीमगडच्या रानाला लागून शेत असल्याने सांबर, चितळ आणि भेकर जवळून पाहिले आहेत. माझा अनुभव असा की जनावर मोठ्या आवाजाला बुजते असे नाही, ते अनोळखी आवाजाला बुजते. पत्र्याचा डबा रोज त्याच वेळी बडवला तर चार दिवसांत सांबर मान वर करून पाहते आणि पुन्हा लोंब्यांत तोंड घालते. पण शांत रात्री बॅटरीचे बटण टक् करून दाबले, की तेच सांबर जागच्या जागी दबकते आणि दुसऱ्या क्षणी बांध ओलांडून जाते. वारा सुटलेला असला, बांबू करकरत असले, तर त्या बटणाकडे ते लक्षही देत नाही.

त्याआधीच्या खुणाही ओळखता येतात. चितळ कान टवकारून एकाच दिशेला रोखते, पुढचा पाय जमिनीवर आपटते, शेपटी उभारते. अशा वेळी त्याचे सगळे अंग आधीच ताणलेले असते. तुमच्या भावाने चित्रफीत पुन्हा पाहावी. बाण सुटण्याआधी हरणाचे कान कोणीकडे होते, हे मला जाणून घ्यावेसे वाटते.

आणखी एक गोष्ट स्पष्ट लिहितो, कारण हा धागा आपल्याकडची तरुण मुलेही वाचतील. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने आपल्या देशात हरणांची शिकार बंद आहे, मग हत्यार बंदूक असो, फास असो की धनुष्यबाण. शिकारीचा प्रयत्न करणे हीसुद्धा त्या कायद्यात शिकारच आहे. अमेरिकेतील परवान्याची गोष्ट तेथेच राहू द्यावी.

परतलेला बेळगावकर

मी बारा वर्षे मिशिगनमध्ये होतो आणि तेथे धनुष्याने शिकार केली आहे. जांबोटीच्या दादांनी कानांबद्दल लिहिले ते माझ्या अनुभवाशी तंतोतंत जुळते. तिकडे चालते हरीण थांबावे म्हणून अनेक शिकारी तोंडाने हलका हुंकार काढतात. हरीण थांबते खरे, पण ते थांबते तेच आवाज कोठून आला हे शोधण्यासाठी, आणि त्यानंतर दोरी वाजली की त्याला दचकायला वेळच लागत नाही. मी ती सवय सोडून दिली आणि हरीण आपणहून थबकेल तेव्हाच बाण सोडू लागलो.

मास्तरांच्या हिशेबात एक भर घालतो. मान खाली घालून चरणारे हरीण निश्चिंत दिसते, म्हणून नवशिक्याला तो सोपा नेम वाटतो. पण दचकल्यावर ते मान झटक्याने वर फेकते आणि त्या झटक्याची प्रतिक्रिया म्हणून छाती खाली रेटली जाते. केवळ पाय सैल सोडून जेवढे खाली येता येईल, त्यापेक्षा ते अधिक वेगाने खाली येऊ शकते. म्हणून मास्तरांचे २४ सेंटीमीटर ही वरची मर्यादा धरू नये.

पूर्वी मीही ३५ यार्डांवरून बाण सोडत असे. एकदा हरीण असेच दबकले आणि बाण पाठीच्या कण्याच्या वर, मांसात लागला. बाणाने जनावर मरते ते रक्तस्रावाने, आणि त्या जागी पुरेसे रक्त वाहत नाही. कंदील घेऊन रात्रभर आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत माग काढला, हरीण सापडले नाही. त्यानंतर २० यार्डांपलीकडे मी कधीही बाण सोडला नाही आणि नेम नेहमी छातीच्या खालच्या तृतीयांशावर, हृदयाच्या उंचीवर धरला, म्हणजे हरीण हलले नाही तर हृदय आणि थोडे दबकले तर फुप्फुसे.

खानापूरचा तिरंदाज

सर्वांचे मनापासून आभार. दादांनी सांगितल्यावरून चित्रफीत संथ करून पुन्हा पाहिली. बाण सुटण्यापूर्वी जवळजवळ दोन सेकंद हरणाचे दोन्ही कान माझा भाऊ बसला होता त्या झाडाकडे रोखलेले आहेत, आणि त्याच्याही आधी टेकूवर बाण घासल्याची खरखर अगदी स्पष्ट ऐकू येते. म्हणजे धनुर्धर काकांची शंकाही खरी ठरली. आम्ही दोघांनी ती चित्रफीत निदान दहा वेळा पाहिली होती आणि दोघांचीही नजर बाणावरच खिळलेली होती.

मास्तरांचे आकडे भावाला रात्री पाठवले. नवे धनुष्य घेण्याचे त्याने तूर्त थांबवले आहे; टेकूला फेल्ट लावून आणि थोडे जड बाण घेऊन तो २० यार्डांवर सराव करणार आहे. इकडे मी रविवारी मुलांसमोर माझ्याच रिकर्व्हची दोरी आणि मूठ यांमधील अंतर बदलत जाऊन आवाज ध्वनिमुद्रित करणार आहे. काका, दोरीला पीळ देताना एका वेळी किती द्यावा, हे कृपया कळवावे.