कुंपण बदलायचंय, पण खाली सरड्याची अंडी आहेत. मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

आम्ही कॅलिफोर्नियात सॅन होझेला राहतो. मागच्या अंगणातलं लाकडी कुंपण पार कुजलंय. शेजाऱ्यांशी बोलून जूनअखेरीस नवं घालायचं ठरलंय. जुने खांब उपटून तिथेच नवे खड्डे खणणार आहेत. पण याच कुंपणावर निळ्या पोटाचे सरडे राहतात, आणि परवा सकाळी त्यातली एक मादी कोपऱ्यातल्या खांबाच्या बुडाशी माती उकरत होती. पोट दोन्ही बाजूंनी टम्म. दुपारी पाहिलं तर खड्डा बुजवून माती सारखी केलेली, आणि ती फळीवर ऊन खात बसलेली, बरगड्यांपाशी कातडी सैल लोंबत होती. अंडी घातली हे नक्की.

जात वेस्टर्न फेन्स लिझर्ड. काटेरी खवले, पायांच्या मागे पिवळा रंग, नर फळीवर चढून जोर काढतो. आमच्या पट्ट्यातली उपजात बोकोर्टी, म्हणजे कोस्ट रेंज या किनारी डोंगररांगेतली. योसेमिटीच्या डोंगरांत उंचावर टेलरी ही दुसरी उपजात असते, तिच्या नराचं गळ्यापासून पोटापर्यंत सगळंच निळं. इकडच्या नराला पोटाच्या दोन बाजूंना निळे पट्टे. याच सरड्याच्या रक्तातल्या घटकामुळे त्याला चावलेल्या गोचिडीतले लाइम या आजाराचे जंतू मरतात, हे बर्कली विद्यापीठातल्या रॉबर्ट लेन यांनी 1998 मध्ये दाखवलं. असा शेजार मला घालवायचा नाही.

अंडी उचलून दुसरीकडे पुरली तर जगतील का? की कामच पुढे ढकलू? आई नाशिकहून आलीय, तिने त्या जागेभोवती विटा मांडल्यात, कुणाचा पाय पडू नये म्हणून.

प्रतिसाद:
ताई, अंडी अजिबात हलवू नका. पालथी झाली तर आतला गर्भ मरू शकतो. पिल्लं निघायला साधारण दोन महिने लागतात, म्हणजे ऑगस्ट उजाडेल. काम सप्टेंबरअखेरीस घ्या. डिसेंबर-जानेवारीत मात्र नको. थंडीत सरडे फटींत, लाकडाखाली सुस्त पडलेले असतात, त्यांना पळता येत नाही. ऊन चढल्यावर फळ्या काढायला सांगा आणि चार जुन्या फळ्या कोपऱ्यात रचून ठेवा, लपायला जागा होईल. शेजारी थांबायला तयार नसतील तर बाकीचं कुंपण आत्ता उरकून तेवढा एक खांब मागे ठेवा.

मूळ प्रश्नकर्ती:
खूप आभार! एक खांब मागे ठेवायचं शेजाऱ्यांना आजच विचारते. विटांच्या आतल्या मातीला पाणी घालावं का, तेवढं सांगाल?