मदत हवी आहे: आमच्या खाडीतल्या ‘तिसऱ्या’ (खायचे शिंपले) नेमक्या किती जातींच्या?

नमस्कार मंडळी,

गाव रत्नागिरीजवळ, भाट्याच्या खाडीला लागून. ग्रामपंचायतीच्या जैवविविधता नोंदवहीतलं शिंपल्यांचं पान माझ्या गळ्यात पडलंय. वाटलं होतं, मामीला विचारून चार नावं लिहू आणि मोकळे होऊ. मामी चाळीस वर्षं सुकतीला (ओहोटीला) खाडीत उतरतेय.

गेल्या अमावस्येच्या उधाणाला तिच्याबरोबर गेलो. घरी येऊन टोपली परातीत ओतली, तर तिच्या ‘तिसऱ्यां’त तीन प्रकार. एकावर बारीक वळ्या आणि तपकिरी नागमोडी नक्षी (शास्त्रीय नाव पॅफिया असावं). दुसरी जाड, तिकोनी, तुळतुळीत, जणू पॉलिश मारलेली (मेरेट्रिक्स?). तिसरी फुगीर, राखाडी, तिचा मला पत्ताच लागत नाही. मामीला काही फरक पडत नाही, तिघींचं कालवण एकच. ‘खुबे’ मात्र ती वेगळे काढते: खोल पन्हाळ्या, त्यांवर दाणे, आणि उघडला की लालभडक पाणी.

खडपावरची (खडकांवरची) कालवं आणि शिनाणे हे शिंपले ओळखू येतात, त्यात अडचण नाही. खरी पंचाईत पुळणीवरच्या (किनाऱ्याच्या वाळूतल्या) रिकाम्या शिंपल्यांची. तिथून वीसेक प्रकार पिशवीत भरले. मामी म्हणाली, “मेलेले कसले मोजतोस?” पण मग सुकतीलाही उघडं न पडणाऱ्या तळाशी काय राहतं, ते कळायचं कसं? आमच्याकडे होडी नाही. शिवाय एका जातीच्या बऱ्याच शिंपल्यांना एकसारखं गोल भोक आहे. रोग आहे का हा?

मालवण, अलिबाग, गोव्याकडची नावंही सांगा. मुंबईचे पाहुणे ज्यांना शिवल्या म्हणतात, त्या यांतल्या कोणत्या?

प्रतिसाद १

मामी बरोबर आहेत. जिवंत मिळालेल्यांची यादी वेगळी, रिकाम्या शिंपल्यांची वेगळी करा. लाटा शिंपला कुठूनही कुठेही नेतात. दोन्ही झडपा बिजागरीला जोडलेल्या असतील आणि कडा झिजल्या नसतील, तर जवळपासचा समजायला हरकत नाही.

लाल पाण्याचा खुबा म्हणजे टेगिलार्का ग्रॅनोसा, जुन्या पुस्तकांत अनाडारा. लाल रंग हिमोग्लोबिनचा. बिजागरीची कड सरळ आणि कंगव्यासारखे बारीक दात असतील, तर शंका नको. राखाडी फुगीर बहुधा मार्सिया ओपिमा, जुनं नाव काटेलिसिया. पण फोटोशिवाय शपथेवर सांगणार नाही. फोटो आतल्या बाजूचा टाका, बाहेरच्या नक्षीवर भल्याभल्यांची फसगत होते. आत कडेला समांतर एक फिकट रेघ असते, ती मागच्या बाजूला आत वळून खळगा करते. खळगा खोल म्हणजे प्राण्याच्या पाणी आत-बाहेर करायच्या नळ्या लांब, म्हणजे तो वाळूत खोल राहणारा. तुमच्या खुब्यात हा खळगा दिसणारच नाही, कारण त्याला नळ्या नसतात आणि तो चिखलात वरच्यावर असतो.

भोक हा रोग नाही. स्क्रूचं डोकं बसावं म्हणून सुतार पाडतो तसं, बाहेर रुंद आणि आत निमुळतं असेल, तर ते वाळूत फिरणाऱ्या नॅटिका गटातल्या गोगलगायीचं काम. ती शिंपला पायाने धरते, भोक पाडते आणि आतला प्राणी खाते.

प्रतिसाद २

होडी कशाला हवी? मच्छीमार जाळं झाडतात तिथे सकाळी जाऊन बसा. खोल तळाचे शिंपले त्या कचऱ्यात येतात. फक्त जाळं कुठे आणि किती वाव खोल पाण्यात टाकलं होतं ते विचारून लगेच लिहून घ्या. चपटा, अभ्रकासारखा पारदर्शक शिंपला मिळाला तर प्लॅक्युना. गोव्यात जुन्या घरांच्या खिडक्यांना काचेऐवजी तेच बसवलेले दिसतात.

नावांचं म्हणाल तर आमच्या मालवणात मुळे म्हणतात, आणि त्यातही दोनतीन जाती मिसळलेल्या. नावासमोर गाव लिहाच. तुमची नक्षीवाली पॅफिया असेल, तर केरळातल्या अष्टमुडी सरोवरात पॅफियाच काढतात. तिथल्या मासेमारीला २०१४ मध्ये एमएससीचं (मरीन स्ट्युअर्डशिप कौन्सिल) शाश्वत मासेमारीचं प्रमाणपत्र मिळालं, भारतातलं पहिलं.

धागाकर्ता

दोघांचेही आभार. भोकं तपासली, बाहेर रुंद आणि आत निमुळतीच आहेत. मामीला सांगितलं तर म्हणाली, “ती शंखी होय? ती तर टोपलीत येते रोज, मी फेकून देते.” आता पुढच्या उधाणाला फेकलेलंही घरी येणार. आतले फोटो उद्या उजेडात काढून टाकतो.