रजिस्ट्रीत आकडा कमी लावायचा का? रोम 13 (बायबलातल्या पौलाच्या पत्रातला अध्याय: सत्तेच्या अधीन राहा, कर द्या) वाचणाऱ्यांनी सांगावं

लालडबा_नगर:

सगळ्यांना सलाम. लांबलचक लिहितोय, चालवून घ्या.

मी एसटीत कंडक्टर होतो, एकतीस वर्षं. 1 जून 1948 ला पहिली एसटी ज्या नगर-पुणे रस्त्यावर धावली, त्याच रस्त्यावर माझं अर्धं आयुष्य गेलं. गेल्या वर्षी निवृत्त झालो. फंड आणि ग्रॅच्युइटी मिळाली, आणि आता पहिल्यांदा स्वतःचं घर घेतोय. सावेडीत वन बीएचके, दुसरा मजला, चर्च पायी दहा मिनिटांवर. मंडळी (म्हणजे आमची ही, चर्चची नव्हे) बघून आली आणि ओट्यावर हात ठेवून उभीच राहिली, तेव्हाच मी ओळखलं की आता हेच घर.

मालक 34 लाख म्हणतो. पण दस्त 26 चा करायचा आणि 8 लाख रोख द्यायचे. रेडी रेकनरचा (सरकारनं ठरवलेला किमान) भाव 26 च्या आतच येतो, त्यामुळे कोणी विचारणार नाही, असं एजंटचं म्हणणं. घर हिच्या नावावर घेतोय. बाईमाणसाला मुद्रांकात एक टक्का सूट आहे, म्हणजे आम्हाला पाच टक्के. आठ लाखांवरचे चाळीस हजार वाचतात, वर नोंदणी फीचे चार. चव्वेचाळीस हजारांत आमचं फर्निचर होतं, खोटं कशाला बोलू.

पण माझा पैसा पै न पै बँकेत आहे. म्हणजे पांढरा पैसा मी स्वतः काउंटरवरून काढायचा, पिशवीत भरायचा आणि काळा करून दुसऱ्याच्या हातात द्यायचा. हे काही गळी उतरत नाही.

मशीन येण्याआधीची गोष्ट सांगतो. शिरूरच्या पुढे लाईन चेकिंगवाल्यांनी गाडी थांबवली. बॅग बॉनेटवर उपडी करून चिल्लर मोजली. वेबिलापेक्षा (तिकिटांच्या हिशोबाच्या कागदापेक्षा) साडेसतरा रुपये जास्त निघाले. जास्त! कमी निघाले तर खिशातून भरता येतात, जास्त निघाले की तिकीट न देता पैसे घेतले असं धरतात, माणूस चोर. एक म्हातारी सुट्टे न घेताच उतरली होती, ते होते. मला लेखी खुलासा द्यावा लागला. त्या दिवशी प्रवाशांनी ज्या नजरेनं माझ्याकडे पाहिलं, ती अजून आठवते.

आणि आता दस्तात 26 आणि हातात 34? हे म्हणजे चांगल्या मिशीवाल्या गड्याला हाफ तिकीट फाडण्यासारखं झालं.

आमच्या चर्चच्या कारभारी समितीतल्या एका पंचांना विचारलं. म्हणाले, "भाऊ, व्यवहारात पवित्र शास्त्र आणू नका." ते जरा लागलं. म्हणून इथे विचारतोय. शास्त्र काय म्हणतं आणि कायदा काय म्हणतो, दोन्ही सांगा.

---

वसईचा_बँकवाला:

जय येशू, नगरकर. शास्त्राचं तुमचे पाळक बघतील, मी कर्जखात्यात होतो, आधी कायद्याचं सांगतो.

घराच्या व्यवहारात 20,000 किंवा त्याहून जास्त रक्कम रोखीत घेताच येत नाही. घेतली आणि पकडली गेली तर जेवढी घेतली तेवढाच दंड, आणि तो घेणाऱ्याला. म्हणजे तुमच्या मालकानं आठ लाख रोख घेतले तर दंडही आठ लाख. हे त्याला कोणी सांगितलं नसेल. एजंट तर सांगणारच नाही.

दुसरं, उद्या तुमच्या मुलांनी घर विकलं तर सरकारी हिशोबात खरेदी 26 ची. मधल्या आठ लाखांवर नफ्याचा कर तुमच्या पोरांच्या बोकांडी बसणार. आज मालकाचा कर चुकतोय तो उद्या तुम्ही भरणार, इतकं साधं आहे ते.

आणि त्याला हे विचारा: घर विकून तो दुसरं घर घेतोय का? दोन वर्षांत घेतलं तर नफा त्यात गुंतवून कर वाचवता येतो, तोही कायद्यानं. नाहीतर सहा महिन्यांत कॅपिटल गेनचे (विक्रीच्या नफ्यावरचा कर वाचवणारे) बाँड घ्यावेत, 50 लाखांपर्यंत चालतात. आमच्याकडे अर्धे लोक करापेक्षा सीएच्या फीला घाबरून रोख मागायचे.

---

घरचाच_वैरी:

काका, राग मानू नका, पण या सरकारशी एवढं इमान कशाला? माझे आजोबा महारवाड्यातले, मिशनच्या शाळेत शिकले. 1950 च्या राष्ट्रपतींच्या आदेशानं अनुसूचित जात ठरली ती फक्त हिंदूंपुरती. 1956 ला शीख आत आले, 1990 ला बौद्ध. आपण ख्रिस्ती अजून दारात. माझा सख्खा चुलतभाऊ बौद्ध आहे, त्याला जातीचा दाखला आहे, मला नाही. पणजोबा एक, वाडा एक, गावात पाणी भरायची जागासुद्धा एक. रंगनाथ मिश्रा आयोगानं 2007 मध्ये सांगितलं की धर्माची अट काढा. 2022 मध्ये आणखी एक आयोग नेमला. आयोगावर आयोग.

रविवारी पाळक रोम 13 वाचतात तेव्हा माझ्या डोक्यात एवढंच येतं: अधीन आम्ही राहायचं, आणि त्यांनी काय करायचं? चव्वेचाळीस हजार वाचवा आणि फर्निचर करा.

---

लालडबा_नगर:

@वसईचा_बँकवाला, दंडाचं मला खरंच माहीत नव्हतं. उपकार झाले.

@घरचाच_वैरी, राग नाही. दाखल्याचं तू म्हणतोस ते माझ्याही घरात घडलंय, थोरल्याच्या नोकरीच्या वेळी. पण एक सांगतो. 2021 च्या संपात मी होतो. एसटीच्या सरकारात विलीनीकरणासाठी पाच महिने डेपोबाहेर मांडवात बसलो, पगार बंद, हिच्या पाटल्या गहाण. सरकारला काय काय बोललो ते इथे लिहिता येणार नाही. संप मिटला आणि पहिली ड्युटी मिळाली पुण्याची. त्या दिवशी काय मी बिनतिकिटाचे पैसे घ्यायला लागलो? भांडण माझं सरकारशी होतं. तिकीट तर सुप्याला चढलेल्या माणसाचं होतं.

शिवाय रोखीनं माझ्या थोरल्याला दाखला मिळणार आहे का? मिळणार मालकाला.

---

निवृत्त_पाळक:

वाचत होतो, बोलणार नव्हतो. पंचांचं वाक्य वाचलं आणि राहवलं नाही. "व्यवहारात शास्त्र आणू नका." मग प्रभूनं मत्तयाला कुठून उठवलं? जकातनाक्यावरून. जक्कय हा जकातदार झाडावरून उतरल्यावर त्यानं चौपट परत देण्याची गोष्ट काढली, स्तोत्र म्हणायला नाही बसला. आणि "कैसराचे (रोमच्या बादशहाचे) ते कैसराला" हे उत्तर तरी कशावर मिळालं? करावर. नाणं हातात धरून.

आता वैरीसाहेबांचा प्रश्न. तो खरा आहे आणि आम्ही पाळकांनी तो टाळला आहे, हे कबूल करतो. पण रोम 13 एकटा वाचू नये. पौलानं ते पत्र लिहिलं तेव्हा रोमच्या गादीवर नीरो होता, कोणी पुण्यवान राजा नव्हे. आणि तोच पौल फिलिप्पै शहरात काय करतो बघा (प्रेषितांची कृत्ये, अध्याय 16). चौकशी न करता फटके मारले, तुरुंगात टाकलं, सकाळी निरोप आला की गुपचूप जा. पौल जागचा हलला नाही. आम्ही रोमन नागरिक आहोत, अधिकाऱ्यांनी स्वतः यावं आणि आम्हाला बाहेर न्यावं, म्हणाला. त्यांना यावं लागलं. पुढे त्यानं थेट कैसराकडे दाद मागितली. कर भरा म्हणणारा आणि हक्क सोडणार नाही म्हणणारा माणूस एकच आहे. पूर्ण कर भरणाऱ्याची मागणी कोणी तोंडावर फेकू शकत नाही, हा माझा अनुभव.

आपल्याकडचंच घ्या. 1897 च्या प्लेगमध्ये पुण्याच्या सरकारी प्लेग इस्पितळात बायकांचे काय हाल होतात ते पंडिता रमाबाईंनी वर्तमानपत्रात जाहीर पत्र लिहून मांडलं. सरकार इंग्रजांचं, म्हणजे नावाला ख्रिस्तीच. वरून खुलासा आला की आरोप खोटे आहेत. बाई मागे हटल्या नाहीत. प्रभूचा शिष्य पेत्रानं यहूदी धर्मसभेपुढे म्हटलंच आहे, मनुष्यांपेक्षा देवाची आज्ञा मानली पाहिजे. पण ते केव्हा? येशूच्या नावानं शिकवू नका म्हणून धमकावलं तेव्हा. मुद्रांक शुल्कासाठी ते वचन कोणी काढू नये.

दर रविवारी राज्यकर्त्यांसाठी प्रार्थना घेताना मला समोरचे चेहरे दिसायचे. अर्ध्यांचं लक्ष घड्याळाकडे. बाकीचे, आमच्या वैरीसाहेबांसारखे, दातओठ खात. मला त्या दुसऱ्यांची प्रार्थना जास्त खरी वाटायची.

---

घरचाच_वैरी:

पाळकसाहेब, ऐकतोय. पटलं असं नाही म्हणत. पण ते सुप्याच्या माणसाचं तिकीट डोक्यातून जात नाही.

---

लालडबा_नगर (दोन महिन्यांनी):

कोणी विचारलं नाही तरी सांगतो.

मालकाला बँकवाल्यांचं सगळं वाचून दाखवलं, दंड, बाँड, सगळं. तो शांतपणे ऐकत होता. मग म्हणाला, "काका, तुमचं बरोबर आहे, पण मला घाई आहे." चार दिवसांत घर दुसऱ्याला गेलं, रोखीसकट. ही दोन दिवस बोलली नाही. त्या ओट्यासाठी.

आता घेतलं ते केडगावला, भावंडांचं सामाईक घर होतं, 29 लाखांना. सगळी रक्कम बँकेतून, प्रत्येकाच्या खात्यात वेगवेगळी. तिसरा मजला, लिफ्ट नाही. हिचे गुडघे जिन्याच्या वळणावर एकदा थांबतात, तिथे प्लास्टिकची खुर्ची ठेवली आहे. चर्चला आता रिक्षा करावी लागते, जाऊन येऊन शंभर रुपये. पंच परवा भेटले, म्हणाले, "महागात पडलं की शास्त्र." मी काही बोललो नाही, कारण हिशोब त्यांचा बरोबर होता.

नोंदणीच्या दिवशी सकाळी दहालाच गेलो. टोकन नंबर सात. फोटो, अंगठे, सगळं व्हायच्या आधी बाहेरचा एक पोऱ्या कानाशी आला, "काका, साहेबांच्या चहापाण्याचे पाचशे." एकतीस वर्षांची सवय, तोंडातून निघून गेलं, "तिकीट फाडा, मग देतो."

तो हसला. ही पण हसली, बऱ्याच दिवसांनी.

सातव्या नंबराचा दस्त जेवणाच्या सुट्टीनंतर झाला, तीन वाजून दहा मिनिटांनी.