मदत हवी आहे: छऱ्याच्या बंदुकीचा ट्रिगर आधी सुधारू की दस्ता?

नमस्कार मंडळी,

मी नौपाड्यात राहतो. घरी एक जुनी देशी स्प्रिंगची एअर रायफल आहे, नळी मोडून भरायची, डायना ३५ च्या वळणाची. लायसन्सचा प्रश्न कुणीतरी काढणारच म्हणून आधीच सांगतो: ४.५ एमएम आहे, ताकद २० ज्यूलच्या बरीच आत. २०१६ च्या शस्त्र नियमांप्रमाणे हिला लायसन्स लागत नाही. आणि पक्षी, माकडं वगैरे काही नाही, फक्त कागद. वागळे इस्टेटमध्ये मित्राचा फॅब्रिकेशनचा गाळा आहे, रविवारी बंद असतो. तिथे टेपने १० मीटर मोजून घेतलेत. समोर चिंध्या ठासलेली लाकडी पेटी, तिच्या मागे जाड पत्रा.

इतके दिवस मला बंदुकीत काही खोट दिसत नव्हती. मग नेरूळची भाची आली. ती क्लबात हवेच्या सिलिंडरची मॅच रायफल चालवते. हिचा ट्रिगर एकदा ओढून म्हणाली, "मामा, हा ट्रिगर आहे की कुलूप?"

चिडून मी प्रवासी बॅगा तोलायचा डिजिटल काटा ट्रिगरला अडकवला. दहा वेळा ओढून सरासरी आली ३.४ किलो. अख्खी बंदूक ३ किलोची! म्हणजे बंदूक उचलायला लागतो त्याहून जास्त जोर ती न हलवता एका बोटाने लावायचा. वर ट्रिगर मधे दोनदा अडखळतो आणि तिसऱ्यांदा कधी सुटेल ते त्यालाच ठाऊक.

नेम असा: पुढचा भाग तळहातावर सैल ठेवला तर पाच छर्रे रुपयाच्या नाण्यात मावतात. तोच भाग थेट वाळूच्या पिशवीवर टेकवला की दुप्पट फाकतात. हे उलटं का? आणि खटका पॉलिश करून ट्रिगर हलका करावा का? व्हिडिओत लोक कानसीने पाच मिनिटांत करून मोकळे होतात. ओळखीच्या सुताराकडून दस्ताही नवा करून घ्यायचा विचार आहे. खिशाला दोन्ही एकदम झेपणार नाही, तर आधी काय?

प्रतिसाद १

कानस आधी खाली ठेवा.

तुमच्या बंदुकीत बहुतेक साधी रचना असेल: पिस्टनच्या खाचेत खटका अडकलेला आणि ट्रिगर तोच खटका खाली ओढतो. दाबलेल्या स्प्रिंगचा सगळा भार त्या दोन घासणाऱ्या कडांवर. नळी मोडताना हाताला लागतं त्याच्या कैक पट तो भार असतो, कारण नळी स्वतःच लांब तरफ आहे. एवढ्या दाबाखाली लोखंडावर लोखंड सरकवायचं म्हणजे जड लागणारच, आणि कडा खरखरीत असल्या की अडखळणारच. जर्मन वायराउखचा 'रेकॉर्ड' ट्रिगर सगळे नावाजतात तो यासाठी. त्यात मधल्या तरफा भार वाटून घेतात आणि शेवटच्या कडेवर फारच थोडा उरतो. पहिला टप्पा मोकळा, मग स्पष्ट भिंत, मग सुटका.

साध्या खटक्याची पकड कानसीने कमी केली तर ट्रिगर हलका होतो खरा, पण धक्क्यानेही सुटू शकतो. आणि तो नळी उघडी असताना सुटला तर नळी फटकन वर येते, बोट मधे असलं तर गेलंच. चांगला ट्रिगर असला तरी छर्रा भरताना दुसऱ्या हाताने नळी घट्ट धरायचीच.

करायचं तर एवढंच: त्या कडांवर मॉलिब्डेनमचं ग्रीस, तेही काडीच्या टोकाएवढं. तेल हवेच्या सिलिंडरमध्ये गेलं तर तिथेच पेट घेतं, आवाज दणदणीत येतो आणि नेम बिघडतो. स्प्रिंग आत दाबून बसवलेली असते, त्यामुळे स्प्रिंग दाबून धरणाऱ्या कॉम्प्रेसरशिवाय उघडू नका.

प्रतिसाद २

सानपाड्याहून. माझं मत वेगळं, दस्ता आधी.

पिशवीचं कोडं सोपं आहे. खटका सुटला की पिस्टन पुढे धावतो आणि बंदूक मागे ढकलली जाते. पुढे हवेच्या गादीवर पिस्टन अडला की बंदूक पुढे हिसका खाते. हे चालू असताना छर्रा अजून नळीतच असतो. तळहातावर बंदूक दर वेळी सारखीच सरकते, पिशवीवर दर वेळी वेगळी उडते. म्हणून पुढचा हात सैल, आणि दस्त्याच्या पुढच्या भागातले दोन्ही स्क्रू घट्ट! पावसाळ्यात लाकूड फुगतं, दिवाळीनंतर सुकतं, त्यात हे दुहेरी हिसके. स्क्रू ढिले पडतात आणि माणूस दुर्बिणीला शिव्या घालतो.

आता विचारतो: दुर्बीण लावली आहे का? लावली असेल तर गाल कुठे टेकतो?

धागाकर्ता

अहो, स्क्रू खरंच ढिले होते! पाऊण फेरा बसला.

दुर्बीण आहे. गाल... गाल टेकतच नाही, हनुवटी टेकते.

प्रतिसाद २

तेच म्हणत होतो. जुने दस्ते उघड्या माशीसाठी, म्हणजे दुर्बिणीशिवाय नळीवरून धरायच्या नेमासाठी घडवलेले, म्हणून गालाची कड खाली उतरती. दुर्बीण बसली की डोळा वर जातो आणि डोकं अधांतरी राहतं. साध्या दुर्बिणी साधारण १०० यार्डांसाठी बांधलेल्या असतात. १० मीटरवर डोकं जरा सरकलं की दुर्बिणीतला क्रॉसही कागदावर सरकतो, बंदूक हलली नसली तरी. त्यात ३.४ किलोचा ट्रिगर ओढताना मान आखडते. म्हणजे ट्रिगर जितका वाईट वाटतो त्यातला काही वाईटपणा दस्त्याचा आहे.

सुताराकडे जाण्याआधी जुन्या योगा मॅटच्या पट्ट्या गालाखाली ठेवा, वरून क्रेप बँडेज गुंडाळा. डोळे मिटून बंदूक खांद्याला लावा, गाल सहज टेकवा, मग डोळे उघडा. पूर्ण गोल दिसला तर उंची बरोबर. काळी चंद्रकोर दिसली तर पट्टी वाढवा किंवा काढा. बटाची, म्हणजे दस्त्याच्या खांद्याला टेकणाऱ्या भागाची लांबीही बघा. कोपर काटकोनात वाकवून आतल्या खोबणीपासून बोटाच्या पहिल्या पेरापर्यंतचं अंतर ट्रिगरपर्यंतच्या लांबीशी ताडून पाहा. भाचीसाठी ती लांब पडत असणार.

धागाकर्ता

दोन रविवार गेले, उत्तर द्यायला उशीर झाला.

मॅटच्या तीन पट्ट्या लागल्या. दिसायला प्लास्टर घातलेला पाय! तळहातावरचे पाच छर्रे आता नाण्याच्या अर्ध्यात येतात. ग्रीसने अडखळणं एकावर आलं. वजन मात्र काट्यावर ३.१ किलो, म्हणजे कुलूप ते कुलूपच. कानस आणली नाही, शपथ.

भाचीने दहा छर्रे मारले. तिच्या मते तिच्या क्लबातल्या रायफलीवर गालाचा तुकडा आणि बट दोन्ही वर-खाली होतात, मग इथे एकसंध लाकूड का कोरायचं? मुद्दा पटला. तेव्हा नवा दस्ता रद्द. जुन्याच दस्त्यावर गालाचा सागवानी तुकडा दोन बोल्टांवर वर-खाली होईल असा बसवून घेणार. मापासाठी बँडेजसकट बंदूकच कोपरीला सुताराकडे घेऊन गेलो. त्याने ती उलटसुलट पाहिली आणि म्हणाला, गणपतीनंतर या.