मदत हवी आहे: ओसू या, गाण्याच्या ठेक्यावर वर्तुळं टिपायच्या संगणक-खेळात प्रत्येक ठोका उशिराच पडतो, सुरुवात नेमकी कशी करावी?

ओसूचा नवा क्लायंट (खेळाचा प्रोग्राम), म्हणजे लेझर, विंडोज लॅपटॉपवर घातला आहे. मोड नेहमीचा, वर्तुळांचा. ट्यूटोरियल पूर्ण केलं. कर्सर टचपॅडने, ठोके झेड आणि एक्सने, हेडफोन ब्लूटूथचे. अडचणी अशा:

दीड ताऱ्यांचं (जितके तारे तितकं अवघड) गाणंसुद्धा अर्ध्यात फेल होतं. कानाला ऐकू येतं त्या ठेक्यावर बरोबर दाबलं तरी ५० गुण मिळतात नाहीतर मिस. निकालाच्या पानावरच्या आलेखात सगळ्या रेघा ‘उशिरा’च्या बाजूला. भराभर दाबायला लागलं की कर्सर मध्येच गोठतो. ईझी मॉड (खेळाचे नियम बदलणारा पर्याय) लावून पाहिला तर पडद्यावर वर्तुळांची गर्दी उलट वाढली. आणि स्पिनर, म्हणजे कर्सर गोल फिरवून भरायचं चक्र, कधीच पूर्ण भरत नाही.

ऑफसेट, म्हणजे आवाज आणि चित्र जुळवायचा मिलिसेकंदांचा आकडा, बदलायचा का? की ग्राफिक टॅबलेट घेतल्याशिवाय हे जमतच नाही?

प्रतिसाद १

ऑफसेटला अजून हात लावू नका. आधी ब्लूटूथ काढा आणि वायरचे हेडफोन लावा, नाहीतर लॅपटॉपचे स्पीकर.

ब्लूटूथवर आवाज कानापर्यंत यायला बऱ्याचदा १५० ते २५० मिलिसेकंद लागतात. आता ठोक्याची मुभा किती असते ते बघा. सोप्या मॅपचा (गाण्यावर बसवलेल्या वर्तुळांच्या मांडणीचा) ओडी, म्हणजे वेळेच्या काटेकोरपणाचा आकडा, ३ धरला, तर ३०० गुणांसाठी साधारण ६२ मिलिसेकंद अलीकडे-पलीकडे चालतात, १०० साठी ११६, ५० साठी १७०. त्यापलीकडे मिस. म्हणजे आवाज २०० मिलिसेकंद मागे असेल, तर जो माणूस अगदी तालात दाबतोय त्याचाच प्रत्येक ठोका मिस होणार. तुमचा कान चुकत नाहीये.

ऑफसेट देऊन गाणं आणि चित्र जुळवता येतं, हे खरं. पण बोट दाबल्यावर जो ठप्प आवाज येतो, तो हिटसाउंड, तरीही उशिराच ऐकू येतो, कारण तो तुम्ही दाबल्यानंतर निघतो. त्या आवाजावरूनच हात शिकतो. म्हणून ब्लूटूथवर सराव करूच नये, या मताचा मी आहे.

प्रतिसाद २

कर्सर गोठतो तो टचपॅडमुळे. टाइप करताना तळहात लागून कर्सर उडू नये म्हणून कळ दाबली की विंडोज टचपॅड क्षणभर बंद ठेवतं. झेड-एक्स म्हणजे त्याच्या लेखी टायपिंगच. सेटिंग्जमध्ये टचपॅडची संवेदनशीलता ‘सर्वाधिक’ केली की त्रास कमी होतो, पण साधा वायरचा माउस लावणं हाच खरा उपाय.

माउस लावलात की कंट्रोल पॅनेल, माउस, पॉइंटर ऑप्शन्स इथे ‘एन्हान्स पॉइंटर प्रिसिजन’ची खूण काढा. ती असेल तर हात जोरात हलवल्यावर कर्सर जास्त अंतर जातो आणि सावकाश हलवल्यावर कमी. मग अंतराचा अंदाज हाताला कधीच बसत नाही.

प्रतिसाद ३

ईझीबद्दल. नावावर जाऊ नका, हा मॉड वाचायला अवघड आहे. तो एआर निम्मा करतो. एआर म्हणजे वर्तुळ किती आधी दिसू लागतं ते: एआर ९ ला ६०० मिलिसेकंद, ८ ला ७५०, ५ ला १२००, २ ला १५६०. गाणं १२० बीपीएमचं (मिनिटाला १२० मात्रांचं) असेल तर एक मात्रा ५०० मिलिसेकंदांची. दर अर्ध्या मात्रेला एक वर्तुळ असेल, तर एआर ४ चा २ झाल्यावर एका वेळी सहा वर्तुळं पडद्यावर दाटतात. कुठलं आधी हे डोळ्याला कळत नाही.

गाणं झेपत नसेल तर ईझीऐवजी हाफ टाइम लावा. गाणं पाऊणपट वेगाने वाजतं, १२० चं ९० होतं. लेझरमध्ये हा वेग हवा तसा ठरवता येतो, ०.८५ किंवा ०.९ सुद्धा. सोबत नो फेल लावा, म्हणजे गाणं शेवटपर्यंत चालेल.

धागाकर्ता

मनापासून आभार. वायरचे हेडफोन आणि १६०० डीपीआयचा (डीपीआय म्हणजे माउसची संवेदनशीलता) माउस लावला, ती खूणही काढली. मिस खूप कमी झाले. आता आलेखात रेघा दोन्ही बाजूंना आहेत, सरासरी १५ मिलिसेकंद उशिरा, अनस्टेबल रेट २५०. पण कर्सर वर्तुळ ओलांडून पुढे जातो.

प्रतिसाद १

आता ऑफसेटची वेळ आली. ओळखीची चार-पाच गाणी खेळा, मग सेटिंग्जमध्ये ऑडिओखाली ऑफसेट बघा. तुमच्या खेळावरून तिथे आकडा सुचवलेला असतो, तो लावा. एकच मॅप वेडावाकडा असेल तर निकालानंतर फक्त त्या मॅपपुरताही ऑफसेट जुळवता येतो.

अनस्टेबल रेट म्हणजे ठोक्यांचं पांगणं, दहाने गुणलेलं. २५० म्हणजे २५ मिलिसेकंद. हे ऑफसेटने कमी होत नाही, सरावानेच होतं. सरासरी बिघडली तर यंत्रणा तपासा, पांगणं वाढलं तर सोपं गाणं घ्या.

प्रतिसाद २

१६०० डीपीआय सध्या जास्त आहे. १९२० बाय १०८० च्या पडद्यावर सीएस ४ च्या (सीएस म्हणजे वर्तुळाच्या आकाराचा आकडा) वर्तुळाचा व्यास साधारण १६४ पिक्सेल. १६०० डीपीआयवर (खेळातली संवेदनशीलता १, विंडोजचा पॉइंटर वेग मधोमध) हातावर ते अडीच-पावणेतीन मिलिमीटर होतात! ८०० वर पाच मिलिमीटर. ८०० पासून सुरू करा आणि निदान दोन आठवडे आकडा बदलू नका.

टॅबलेट लागत नाही. माउसवरही लोक फार वरपर्यंत पोचलेले आहेत.

प्रतिसाद ४

स्पिनर: कोणतीही एक कळ धरून ठेवा, पुन्हा पुन्हा दाबू नका. कर्सर केंद्राच्या जवळ ठेवून लहान वर्तुळं काढा. मोठी काढली की हात दमतो आणि फेरे कमी पडतात.

स्लायडरमध्ये, म्हणजे कळ धरून कर्सरने माग काढायच्या पट्टीत, बरेच जण फसतात. जुन्या, स्टेबल क्लायंटमध्ये स्लायडरच्या सुरुवातीचा ठोका थोडा मागेपुढे झाला तरी गुण पूर्ण मिळत. लेझरमध्ये तो ठोकाही वर्तुळासारखाच मोजतात. जुने व्हिडिओ पाहून शिकत असाल तर हे लक्षात असू द्या.

बोटांचं आत्ताच ठरवून टाका. सावकाश गाण्यात एकाच बोटाने दाबलं तरी चालतं, पण मात्रेला चार ठोके आले, म्हणजे आपली चौगुन, की दोन्ही बोटं आलटून-पालटून लागतात. १८० बीपीएमला ते सेकंदाला १२ ठोके होतात, प्रत्येक बोटाला ६. आत्ता तिकडे जाऊ नका.

दोन ताऱ्यांच्या आतली रँक्ड (खेळाने अधिकृत मान्य केलेली) गाणी घ्या. एकेका ताऱ्यावर ९५ टक्के अचूकता चार-पाच वेगवेगळ्या गाण्यांत आली की ०.३ ने वर चढा. एकच गाणं पन्नासदा खेळलात तर ते पाठ होतं, वाचणं येत नाही.

आणि खातं एकच ठेवा. सुरुवातीचे गुण वाईट दिसतात म्हणून दुसरं उघडलंत तर नियमभंग होतो आणि खात्यावर बंधन येऊ शकतं.