जुन्या फोनच्या डेटा पार्टिशनला ईएक्सटी४ ठेवू की एफ२एफएस करू?

चांदोली_वारा

नमस्कार मंडळी. घरात एक जुना फोन आहे, ६४ जीबी ईएमएमसी (आतली स्टोरेज चिप), ४ जीबी रॅम, कर्नल (सिस्टिमचा गाभा) ४.१४. त्यावर लिनिएजओएस (अँड्रॉइडची मोफत पर्यायी आवृत्ती) टाकून बाबांना द्यायचा विचार आहे. त्यांचा वापर म्हणजे व्हॉट्सअॅप, फोटो, यूट्यूब आणि हंगामात ई-पीक पाहणी, बस. आत्ता कंपनीच्या रॉमवर (म्हणजे फोनसोबत आलेल्या सिस्टिमवर) डेटा पार्टिशनची, म्हणजे अॅप आणि फोटो राहतात त्या भागाची, फाइल सिस्टिम (फाइली मांडून ठेवायची पद्धत) ईएक्सटी४ आहे आणि फोन प्रचंड अडखळतो, व्हॉट्सअॅपचा बॅकअप सुरू झाला की आलेला कॉल उचलायला पण बोट तीनदा फिरवावं लागतं. रिकव्हरीमध्ये (अँड्रॉइड सुरू न करता उघडणारा दुरुस्तीचा मेनू) फाइल सिस्टिम बदलायचा ऑप्शन दिसतोय, त्यात एफ२एफएस आहे. ग्रुपवर विचारलं तर निम्मे म्हणतात बिनधास्त कर, निम्मे म्हणतात डेटा उडेल, पण का ते कोणीच सांगत नाही. सिस्टिम आणि व्हेंडर पार्टिशन पण बदलायचं का? आणि हो, बॅटरी जुनी आहे, २० टक्क्यांच्या आसपास फोन कधीकधी एकदम बंद पडतो, त्याचा इथे काही संबंध येतो का तेही सांगा.

कर्नलवेडा

आधी सिस्टिम आणि व्हेंडरचं. त्यांना हात लावू नका. ते रीड-ओन्ली असतात, रॉम बनवणाऱ्याने जी इमेज दिली तीच फाइल सिस्टिम तिथे येते, तुम्ही रिकव्हरीतून फॉरमॅट केलं तरी पुढच्या वेळी रॉम टाकताना ती परत पहिल्यासारखी होणार. तिथे लिहायचंच नसल्यामुळे प्रश्नच वेगळा आहे, म्हणून तर हुआवेने त्या जागेसाठी ईआरओएफएस नावाची वेगळी रीड-ओन्ली कॉम्प्रेस्ड फाइल सिस्टिम काढली (लिनक्स ५.४ मध्ये ती स्टेजिंगमधून, म्हणजे कच्च्या कोडच्या विभागातून, बाहेर आली) आणि आता बऱ्याच नव्या फोनांत सिस्टिमला तीच असते. तुमच्या हातात निवड आहे ती फक्त डेटाची.

आता डेटा. ईएक्सटी४ हार्ड डिस्कच्या काळातून आलेली, २००८ पासून स्टेबल. अँड्रॉइडने ती २०१० च्या शेवटी नेक्सस एस बरोबर घेतली, त्याच्या आधी याफ्स२ होती. ईएक्सटी४ फाइलचा ब्लॉक बदलला की सहसा त्याच जागी परत लिहिते, आणि मेटाडेटा (कोणती फाइल कुठे आहे याच्या नोंदी) आधी जर्नलमध्ये, म्हणजे कच्च्या नोंदवहीत, टाकते. गंमत अशी की फोनमधलं जवळजवळ प्रत्येक अॅप एसक्यूलाइट हा छोटा डेटाबेस वापरतं, व्हॉट्सअॅपचे मेसेज सुद्धा, आणि एसक्यूलाइट स्वतःचं जर्नल वेगळं ठेवतं. म्हणजे एक छोटा मेसेज आला तरी जर्नलचं जर्नल, वर प्रत्येक वेळी एफसिंक (आत्ताच्या आत्ता चिपवर लिही असा आदेश), आणि हे सगळे छोटे छोटे रँडम राइट. फ्लॅशला नेमकं हेच जड जातं कारण तिथे पान पुसून परत लिहिता येत नाही, पूर्ण इरेज ब्लॉक पुसावा लागतो आणि तो ब्लॉक बराच मोठा असतो. ईएमएमसीच्या आतला कंट्रोलर हे सगळं सांभाळतो पण स्वस्त ईएमएमसीचा कंट्रोलर दमतो, आणि तो दमला की तुमचा कॉल स्क्रीनवर अडकतो.

एफ२एफएस सॅमसंगमध्ये तयार झाली, लिनक्स ३.८ मध्ये म्हणजे २०१३ ला कर्नलमध्ये आली. ती लॉग पद्धतीने चालते, वहीत खोडाखोड न करता पुढच्या कोऱ्या पानावर लिहीत जायचं तसं. डिस्कचे २ एमबीचे सेगमेंट करते, आणि वारंवार बदलणारा डेटा, क्वचित बदलणारा डेटा, असे एकूण ६ लॉग वेगळे ठेवते म्हणजे गार्बेज कलेक्शनच्या (निरुपयोगी झालेली जागा मोकळी करण्याच्या) वेळी फार हलवाहलव लागत नाही. याआधीच्या लॉग पद्धतीच्या फाइल सिस्टिममध्ये अडचण अशी होती की एक ब्लॉक हलला की त्याकडे बोट दाखवणारा ब्लॉक बदलायचा, मग त्याच्या वरचा, असं थेट मुळापर्यंत. एफ२एफएसमध्ये नोड अॅड्रेस टेबल आहे, तिथे एक नोंद बदलली की काम झालं, हा त्यातला मला सगळ्यात आवडलेला भाग. २०१५ च्या फास्ट या स्टोरेजवरच्या परिषदेत मूळ लेखकांचा पेपर आहे, त्यात ईएक्सटी४ पेक्षा आयओझोन या वेगाच्या चाचणीत ३.१ पटीपर्यंत आणि एसक्यूलाइटमध्ये २ पटीपर्यंत फरक दिलाय. तुम्हाला एवढा दिसेलच असं नाही, पण तुमच्या लक्षणांवर औषध हेच.

मोटो एक्सने २०१३ मध्येच ती वापरली, गुगलने २०१८ च्या पिक्सेल ३ पासून डेटाला तीच ठेवली. त्यामुळे ती कच्ची आहे वगैरे आता ऐकू नका.

बोरिवली_लोकल

कर्नलवेडा, सगळं मान्य पण माणूस बॅटरीचं बोलतोय ना, ते तुम्ही सोडूनच दिलं. फोन २० टक्क्यांना धपकन बंद पडतो म्हणजे रोज पॉवर कट. अशा ठिकाणी माझा कल अजून ईएक्सटी४ कडेच. तिचं ई२एफएससीके हे दुरुस्तीचं टूल किती वर्षं घासून पुसून तयार झालंय बघा, ईएक्सटी२ च्या काळापासून. सुपरब्लॉकच्या (फाइल सिस्टिमची मुख्य माहिती) प्रती जागोजागी असतात, एक गेली तर दुसरी लावता येते. एफ२एफएस चेकपॉइंटवर, म्हणजे शेवटच्या नीट नोंदवलेल्या स्थितीवर, मागे जाते, चेकपॉइंटचे दोन संच असतात हे खरं, पण दोन्ही बिघडले तर तुमच्या हातात फारसं काही उरत नाही. माझ्याकडे दुरुस्तीला फोन येतात त्यात बूटलूपमध्ये (फोन सारखा रीस्टार्ट होत राहणं) अडकलेला ईएक्सटी४ डेटा मी रिकव्हरीतून एफएससीके मारून उठवलाय, एफ२एफएसवर तेवढा भरवसा मला नाही. बाबांचा फोन आहे, त्यांना वेग थोडा कमी चालेल पण नातवंडांचे फोटो गेले तर चालणार नाही.

शेवंती

बोरिवली_लोकल, दुरुस्तीच्या टूलबद्दल तुमचं बरोबर आहे. पण फोटो परत मिळवण्याचा मुद्दा आता दोन्हीकडे सारखाच झालाय. अँड्रॉइड ७ पासून फाइल-बेस्ड एन्क्रिप्शन आलं, अँड्रॉइड १० पासून नव्या फोनला ते सक्तीचं आहे, आणि लिनिएज बहुतेक डिव्हाइसवर ते चालूच ठेवतं. किल्ल्या गेल्या की फाइल सिस्टिम कितीही नीट दुरुस्त झाली तरी आत कचराच दिसणार. पूर्वी टेस्टडिस्क, फोटोरेक ही डेटा परत काढायची टूल्स चालवून काढायचो तसं आतल्या मेमरीवर आता होत नाही. म्हणून फोटोंचा बॅकअप फोनच्या बाहेर हवा, फाइल सिस्टिम कोणतीही असो.

अचानक बंद पडण्याचा संबंध मात्र आहे, आणि तो कुठे आहे ते कोणी सांगत नाही म्हणून लिहितेय. रॉमच्या व्हेंडरमध्ये एफएसटॅब नावाची फाइल असते, त्यात डेटाच्या ओळीत माउंटचे, म्हणजे पार्टिशन सिस्टिमला कसं जोडायचं त्याचे, ऑप्शन असतात. एफ२एफएसच्या ओळीत काही रॉममध्ये एफसिंक मोड नोबॅरियर असं दिलेलं असतं. याचा अर्थ अॅपने एफसिंक केलं तरी फाइल सिस्टिम स्टोरेजला त्याचा कॅशे रिकामा कर असं सांगत नाही. वेग छान मिळतो, बॅटरी ठणठणीत असेल तर ठीक, पण तुमच्यासारख्या फोनमध्ये हे धोक्याचं. तिथे पॉझिक्स मोड हवा, तो डिफॉल्टच असतो, म्हणजे नोबॅरियर लिहिलेलं नसलं तरी पुरे. माझं स्पष्ट मत, आधी बॅटरी बदला, मग बाकी सगळं. फाइल सिस्टिम बदलून बॅटरीचा दोष झाकता येत नाही.

त्याच एफएसटॅबमध्ये हे पण बघा की डेटासाठी एफ२एफएसची ओळ आहे का. बऱ्याच रॉममध्ये दोन्ही ओळी असतात, मग डिस्कवर जे सापडेल ते माउंट होतं. फक्त ईएक्सटी४ ची ओळ असेल तर तुम्ही एफ२एफएस केलंत तरी बूट होणार नाही. आणि फॉरमॅट त्याच रॉमच्या रिकव्हरीतून करा, लॅपटॉपवरच्या नव्या टूलने नको, कारण नवं टूल कॉम्प्रेशन, केसफोल्ड असले फीचर चालू करून ठेवू शकतं जे ४.१४ ला कळणार नाहीत, मग माउंटच होत नाही. फॉरमॅट म्हणजे डेटा पूर्ण साफ, फोटोसुद्धा, हे वेगळं सांगायला नको.

शेवटचं, ईएमएमसी स्वतः किती झिजलीय ते बघा. ईएमएमसी ५.० पासून चिप स्वतःचं आयुष्य १० टक्क्यांच्या पायऱ्यांत सांगते, रूट (फोनवर पूर्ण अधिकार) असेल तर सिसएफएसमध्ये, म्हणजे कर्नल हार्डवेअरची माहिती दाखवतो तिथे, लाइफ टाइम नावाच्या फाइलमध्ये दिसतं. ती फाइल वरच्या टोकाला पोचली असेल तर कुठलीही फाइल सिस्टिम फोन पळवणार नाही.

चांदोली_वारा

वा, एवढं कोणी समजावून सांगितलं नव्हतं. एफएसटॅब उघडून बघितली, दोन्ही ओळी आहेत, एफ२एफएस आधी, नोबॅरियर कुठे दिसलं नाही. लाइफ टाइममध्ये ०एक्स०४ आणि ०एक्स०३ आलंय. बॅटरी उद्याच टाकून घेतो. अजून एक, डेटा ५० जीबीतले ४७ भरलेत, जास्त करून गुड मॉर्निंगचे व्हिडिओ. ते मेमरी कार्डवर हलवायचे आहेत, कार्ड १२८ जीबीचं आहे. कार्डला पण एफ२एफएस करू का? आणि एकाने बीटीआरएफएस ही आणखी एक फाइल सिस्टिम सुचवली, स्नॅपशॉट (डेटाची त्या क्षणाची जपलेली स्थिती) मिळतात म्हणून.

कर्नलवेडा

०एक्स०४ म्हणजे ३० ते ४० टक्के आयुष्य वापरलंय, चिप चांगली आहे. मग फोन अडखळायचं मोठं कारण तुम्ही आत्ता सांगितलंत. ५० पैकी ४७ भरलेलं असेल तर कुठलीही फाइल सिस्टिम रडेल, कंट्रोलरलाच मोकळे ब्लॉक मिळत नाहीत. एफ२एफएसला तर ते जास्तच लागतं, मोकळे सेगमेंट संपले की ती लिहिता लिहिता साफसफाई करायला लागते, आणि तेव्हा ती ईएक्सटी४ पेक्षा हळू वाटू शकते. फोन वापरात नसताना रात्री चार्जिंगला लावल्यावर अँड्रॉइड स्वतःच ट्रिम (कोणती जागा मोकळी आहे ते चिपला कळवणं) आणि गार्बेज कलेक्शन उरकून घेतं, त्यासाठी फोन रात्री चार्जरला निवांत पडून राहू द्या. माझ्या मते १५ टक्के तरी जागा कायम मोकळी हवी, बाबांच्या व्हॉट्सअॅपमध्ये मीडिया ऑटो-डाउनलोड बंद करून टाका.

बॅटरी बदलताय आणि एफएसटॅबमध्ये ओळ आहे, तर बोरिवली_लोकल यांची हरकत मला इथे लागू वाटत नाही. एफ२एफएस करा.

बीटीआरएफएस नको. अँड्रॉइड त्यावर चालवायला बनलेलंच नाही. योला या फिनिश कंपनीच्या पहिल्या फोनवर, २०१३ चा, सेलफिश ही त्यांची स्वतःची सिस्टिम असलेला, बीटीआरएफएस होती, आणि जागा भरत आली की बॅलन्स (जागेची फेरमांडणी) चालवत बसावं लागायचं. त्यांनी पुढच्या फोनांना ईएक्सटी४ घेतली.

बोरिवली_लोकल

बॅटरी नवी टाकणार असाल तर मी पण हरकत मागे घेतो. कार्डाचं मी सांगतो, रोजचा अनुभव आहे. कार्ड सेटअप करताना अँड्रॉइड विचारेल, पोर्टेबल ठेवू की फोनची मेमरी म्हणून घेऊ. दुसरं अजिबात निवडू नका. त्यात कार्ड एन्क्रिप्ट होतं, किल्ली या फोनच्या डेटामध्येच राहते, फोन फॉरमॅट झाला की कार्डावरचं सगळं गेलं. शिवाय स्वस्त कार्डावर अॅप हलली की फोन परत रांगायला लागणार.

पोर्टेबलच ठेवा आणि एक्सफॅट करा. फॅट३२ वर ४ जीबीपेक्षा मोठी फाइल बसत नाही. ईएक्सटी४ किंवा एफ२एफएस केलंत आणि बाबांनी प्रिंट काढायला ते कार्ड फोटो स्टुडिओत दिलं, तर तिथलं विंडोज म्हणणार डिस्क फॉरमॅट करायची का, आणि दुकानातला पोरगा हो दाबून मोकळा होणार. एक्सफॅट कर्नलमध्ये आहे का ते /प्रॉक खालच्या फाइलसिस्टिम्स या फाइलमध्ये दिसतं. नसेल तर फॅट३२ वर भागवा, व्हॉट्सअॅपचे व्हिडिओ काही ४ जीबीचे नसतात.