स्टार वॉर्स कोणत्या क्रमाने दाखवावे : 'दुर्बीण' यांच्या लेखाला उत्तर

लघुग्रह

'दुर्बीण' यांचा लेख वाचला आणि दोन ओळींच्या प्रतिसादात भागणार नाही हे लक्षात आल्याने वेगळा धागा काढत आहे. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे, की नव्या प्रेक्षकाने हे चित्रपट भाग १ पासून भाग ६ पर्यंत ओळीने पाहावेत, कारण हे क्रमांक खुद्द मालिकेचे जनक जॉर्ज लुकास यांनी दिलेले आहेत. आणि भाग ४ पासून (म्हणजे सर्वांत आधी प्रदर्शित झालेल्या चित्रपटापासून; १ ते ३ हे भाग नंतर आले) सुरुवात करण्याचा आग्रह हा 'वय झालेल्या चाहत्यांचा स्मरणरंजनी हट्ट' आहे. वयाचा मुद्दा मी सोडून देतो. क्रमांकांचा सोडता येत नाही.

१९७७ च्या मे महिन्यात पहिला चित्रपट आला, तेव्हा सुरुवातीच्या वर सरकत जाणाऱ्या पिवळ्या मजकुरात 'भाग ४' ही अक्षरे नव्हतीच. ती १९८१ च्या पुनःप्रदर्शनात आली, म्हणजे १९८० च्या 'द एम्पायर स्ट्राइक्स बॅक'वर 'भाग ५' छापून झाल्यानंतर. त्या दुसऱ्या चित्रपटाचा ली ब्रॅकेट यांनी लिहिलेला पहिला खर्डा पाहिला, तर त्यात खलनायक वेडर हा नायक ल्यूकचा बाप नाहीच. ल्यूकच्या बापाचे भूत स्वतंत्रपणे येऊन त्याला भेटते. सहा भागांचा पक्का आराखडा आधी आणि चित्रपट नंतर, असे जे चित्र लेखात रंगवले आहे, ते घडलेल्या इतिहासाच्या बरोबर उलटे आहे. गोष्ट आधी पुढे गेली आणि मग मागे वाढली. तिचे सांधे त्याच हिशेबाने बसवलेले आहेत.

उदाहरण म्हणून वेडरचे रहस्य मी मुद्दामच घेत नाही, कारण ते आता सगळ्यांना ठाऊक आहे, असे उत्तर लगेच येईल. योडा घ्या. ल्यूक दलदलीत अडकला आहे, एका थोर योद्ध्याला शोधतो आहे, आणि एक हिरवे, म्हातारे, चहाटळ ध्यान त्याच्या सामानाच्या पेटीत तोंड घालते, त्याचे खाणे चाखून थुंकते आणि एका चिमुकल्या दिव्यासाठी आर-टू-डी-टू या यंत्रमानवाशी ओढाताण करत त्याला काठीने झोडपते. ल्यूकची चिडचिड आपल्यालाही रास्त वाटते आणि तिथेच आपण त्याच्याबरोबर फसतो, कारण ते ध्यान म्हणजेच तो योद्धा असतो. आता ज्याने २००२ च्या चित्रपटात याच योडाला लेझर-तलवार परजत काउंट डूकूभोवती उड्या मारताना पाहिले आहे, त्याच्यासाठी या प्रसंगात उरते काय? एका नामवंत आजोबांची थट्टामस्करी. प्रसंग तोच, पण परीक्षा ल्यूकची आणि प्रेक्षकाचीही होती, त्यातली प्रेक्षकाची परीक्षा रद्द झाली.

दुर्बीण

माझ्या एका वाक्याने आपण इतके दुखावला असाल तर ते वाक्य मागे घेतो. मुद्दा मागे घेत नाही.

कथेचा उगम कसा झाला हा अभ्यासकाचा प्रश्न आहे. पाहणाऱ्यासमोर तयार झालेली कथा असते आणि सहा भाग मिळून ही अनाकिनची, म्हणजे पुढे वेडर होणाऱ्या माणसाची, शोकांतिका आहे, असे लुकास यांनी स्वतः सांगितले आहे. शोकांतिका शेवटाकडून सुरू करायची नसते. माझ्या पुतणीने हे चित्रपट पाहण्याच्या कितीतरी आधी वेडर कोणाचा बाप आहे हे तिला एका विनोदातून कळले होते. तिला मी भाग १ पासून दाखवले. ल्यूक आणि वेडर यांची लढत सुरू झाली तेव्हा ती उशी तोंडावर धरून म्हणत होती, 'आता सांगणार, काका, आता हा त्याला सांगणार!' आपल्याला धक्का बसला होता. तिला त्या पोराची काळजी वाटत होती. धक्का एकदाच बसतो; काळजी दर वेळी वाटते.

आणि ज्या धक्क्याचे एवढे कौतुक आहे, तो घडवताना चित्रीकरणात वेडरच्या पोशाखातल्या डेव्हिड प्राउझ यांच्या तोंडी 'ओबी-वानने तुझ्या बापाला मारले' असे खोटेच वाक्य देण्यात आले होते. ल्यूक साकारणाऱ्या मार्क हॅमिल यांना खरे वाक्य दिग्दर्शक कर्शनर यांनी जेमतेम आयत्या वेळी सांगितले. म्हणजे पडद्यावरचा ल्यूकचा चेहरा हा सत्य ठाऊक असलेल्या नटाचा चेहरा आहे. ठाऊक असण्याने प्रसंग मरतो, असे म्हणणाऱ्यांनी त्या चेहऱ्याकडे पुन्हा पाहावे.

रिळवाला

दोघेही तावातावाने भांडत आहात, पण 'प्रदर्शनक्रमाने दाखवा' हे वाक्य आज पाळता तरी येते का, याचा विचार कोणी केलेला दिसत नाही. १९७७, १९८० आणि १९८३ मध्ये जे प्रदर्शित झाले ते आज कोणत्याही अधिकृत सेवेवर उपलब्ध नाही. जे आहे ते १९९७, २००४, २०११ आणि २०१९ मधल्या डागडुज्यांचे बोचके आहे.

हान सोलोने ग्रीडोला गोळी घातली की ग्रीडोने आधी झाडली, हा जुना वाद मी बाजूला ठेवतो. (२०१९ च्या आवृत्तीत मरण्यापूर्वी ग्रीडो 'मॅक्लंकी' असे काहीतरी बरळतो. कोणी मागितले होते हे?) क्रमाच्या प्रश्नाशी थेट संबंध असलेले बदल पाहा. १९९७ मध्ये पहिल्या चित्रपटात जब्बा या गुंडांच्या म्होरक्याचा प्रसंग घातला. त्यामुळे दोन चित्रपटभर ज्याचे फक्त नाव ऐकायचे, तो आधीच थोबाड दाखवून जातो. 'रिटर्न ऑफ द जेडाय'च्या शेवटी सबॅस्टियन शॉ यांचा प्रौढ अनाकिन उभा होता; २००४ मध्ये त्याच्या जागी हेडन क्रिस्टन्सन आले. जो माणूस चार-पाच-सहा या क्रमाने पाहतो आहे, त्याने हा तरुण कोण म्हणून ओळखायचा? मुखवटा काढल्यावर जो चेहरा त्याने नुकताच पाहिला, तो तर शॉ यांचाच आहे.

सर्वांत वाईट बदल 'एम्पायर'मध्ये आहे. १९८० मध्ये सम्राट वेडरला फक्त एवढेच सांगतो, की स्कायवॉकरचा मुलगा जेडाय योद्धा होता कामा नये. २००४ मध्ये सम्राटाचे काम करणाऱ्या इयन मॅक्डिअर्मिड यांच्याकडून नवे संवाद घेतले. त्यात सम्राट हा मुलगा अनाकिन स्कायवॉकरचे अपत्य असल्याचे सांगतो आणि वेडर विचारतो, हे कसे शक्य आहे? रहस्य फुटण्याच्या तासभर आधी चित्रपटानेच ते अर्धे फोडले. तेव्हा लघुग्रह, आपण ज्या क्रमाचा कैवार घेता, तो क्रम आता फक्त आपल्या डोक्यात आहे.

तिरकी_रेघ

आले! रिळवाले आले म्हणजे आता मूळ विषयाला तिलांजली.

लेखक आपल्या पुस्तकाची दुसरी आवृत्ती सुधारून काढतो, तेव्हा पहिल्या आवृत्तीचे मालक असल्यासारखे वाचक दारात धरणे धरत नाहीत. लुकास यांना १९७७ मध्ये पैसा आणि तंत्र दोन्ही अपुरे पडले. पुढे दोन्ही हाताशी आल्यावर त्यांनी काम पुरे केले. बदल मलाही सगळे आवडतात असे नाही, पण अधिकार त्यांचाच होता.

शिवाय हे 'मूळ' म्हणजे नेमके कोणते? १९७७ मध्येच त्या चित्रपटाची ध्वनिमिश्रणे वेगवेगळी होती. मोनो मिश्रणात जहाज ओढून धरणाऱ्या ट्रॅक्टर बीमबद्दल सी-थ्री-पीओ या यंत्रमानवाच्या तोंडी एक वाक्य आहे, जे त्या वर्षीच्या इतर मिश्रणांत ऐकू येत नाही. ल्यूकच्या बेरूकाकूचा तर आवाजच दुसऱ्या बाईचा आहे. एकाच वर्षी दोन प्रेक्षकांनी दोन वेगळे चित्रपट ऐकले. त्यांपैकी पवित्र कोणता, तेवढे सांगावे.

रिळवाला

पुस्तकाची पहिली आवृत्ती ग्रंथालयात राहते. दुसरी निघाली म्हणून कोणी पहिलीच्या प्रती गोळा करून लगद्याला पाठवत नाही. इथे १९९७ च्या आवृत्तीसाठी मूळ निगेटिव्हमधलेच तुकडे बदलले गेले, हा फरक आपल्याला समजत नाही की समजून घ्यायचा नाही? मूळ आवृत्ती आपल्या लेखी आता अस्तित्वातच नाही, अशा अर्थाचे उत्तर लुकास यांनी २००४ मध्ये दिले होते. २००६ मध्ये ती डीव्हीडीवर दिली, तीही जोडतबकडी म्हणून, १९९३ च्या लेझर-डिस्कसाठी केलेल्या जुन्या मास्टरवरून, पडद्याच्या मधोमध बारक्या चौकटीत. भीक घालावी तशी.

आणि अधिकाराचे म्हणाल, तर १९८८ मध्ये अमेरिकी काँग्रेससमोर साक्ष द्यायला कोण गेले होते? कृष्णधवल चित्रपटांना रंग फासणाऱ्यांच्या विरोधात, कलाकृती हा समाजाचा वारसा आहे आणि ती बदलणे हा रानटीपणा आहे, अशी बाजू मांडणारे गृहस्थ हेच. पुढच्याच वर्षी अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट नोंदवहीतल्या पहिल्या पंचवीस चित्रपटांत त्यांचा चित्रपट गेला. वारसा म्हणून नोंद झाली ती १९७७ च्या चित्रपटाची. बघायला मिळतो तो दुसराच.

मी तरुणपणी प्रोजेक्शनचे काम केले आहे. पट्टी जळते, तुटते, रंग उडून गुलाबी पडते, हे सगळे हाताने अनुभवले आहे. काळाने केलेली नासधूस सोसता येते. धडधाकट पट्टीशी मालकानेच केलेली सोसत नाही.

तिरकी_रेघ

ती साक्ष दुसऱ्याच्या कलाकृतीत मालकी हक्काच्या जोरावर ढवळाढवळ करणाऱ्यांविरुद्ध होती. इथे बदल करणारा स्वतःच निर्माता आहे. एवढा साधा भेद अश्रूंच्या धुक्यात दिसेनासा झाला असेल तर माझा नाइलाज आहे.

रिळवाला

'एम्पायर'चे दिग्दर्शक कर्शनर होते आणि 'जेडाय'चे रिचर्ड मार्क्वांड. मार्क्वांड १९८७ मध्येच वारले. त्यांच्या चित्रपटात २०११ साली वेडरच्या तोंडी ते 'नाही' घातले, तेव्हा परवानगी कोणाची घेतली होती? तो क्षण मूळ चित्रपटात नि:शब्द होता. वेडर सम्राटाकडे पाहतो, मुलाकडे पाहतो, पुन्हा सम्राटाकडे पाहतो. मुखवट्यावर एक रेषही हलत नाही, आणि तरी त्याच्या मनात काय चालले आहे हे आपल्याला कळते. ते न कळणारे प्रेक्षक कोणते, ज्यांच्यासाठी त्याला ओरडायला लावले?

सांजवेळ

इतका वेळ वाचत होते. एक बाब मात्र कोणाच्याच लक्षात आलेली नाही. या संपूर्ण चर्चेत प्रीक्वेल त्रयीचा (भाग १ ते ३) उल्लेख फक्त मूळ त्रयीला झालेली इजा म्हणूनच येतो आहे.

१९९९ मध्ये मी लहान होते. माझे स्टार वॉर्स भाग १ पासूनच सुरू झाले, कारण तेव्हा चित्रपटगृहात तेच लागले होते. म्हणजे माझ्यापुरता तोच प्रदर्शनक्रम. थोरल्या मावसभावांनी पुढची कित्येक वर्षे मला जार जार (भाग १ मधले विदूषकी पात्र) म्हणून चिडवले आणि पुढे मी हे चित्रपट आवडतात असे सांगणेच सोडून दिले. ते क्षुल्लक झाले. पण जार जारचे काम करणाऱ्या अहमद बेस्ट यांनी २०१८ मध्ये जाहीरपणे सांगितले, की त्या काळच्या टीकेने आपण आत्महत्येच्या विचारापर्यंत गेलो होतो. 'खऱ्या' चाहत्यांच्या शुद्धतेच्या आग्रहाची किंमत कोणीतरी मोजलेली आहे. निगेटिव्हसाठी जितका गळा काढता आहात, त्याच्या निम्म्याने तरी त्या माणसासाठी काढायचा होता.

आणि रिळवाला, बदलांची झळ आम्हालाही लागली आहे. भाग १ मधला योडा मुळात बाहुला होता. २०११ च्या ब्लू-रेपासून तो संगणकी झाला. त्याचे सुतक कोणी पाळल्याचे आठवत नाही.

लघुग्रह

अहमद बेस्ट यांच्याशी जे झाले त्याचे समर्थन इथे कोणीही केलेले नाही, करणारही नाही. परंतु चित्रपट कमजोर आहे असे म्हणणारा प्रत्येक जण त्या झुंडीतला, असा हिशेब लावू नये. भाग १ मधल्या व्यापारी नाकेबंदीच्या चर्चा मला कंटाळवाण्या वाटतात, हा कोणाचा छळ नव्हे.

दुर्बीण यांच्या पुतणीचा किस्सा मात्र डोक्यातून जात नाही, हे नाइलाजाने नोंदवतो. तो किस्सा पुरावा नव्हे. तरीही त्याच्या निमित्ताने 'जेडाय'मधला सिंहासनकक्षाचा प्रसंग पुन्हा पाहिला. ल्यूक वेडरचा हात छाटतो, तुटक्या मनगटातून तारा लोंबताना पाहतो, मग स्वतःच्या हातमोज्यातल्या यांत्रिक हाताकडे पाहतो. आणि सम्राट मागून त्याला बापाला मारून टाकायला चिथावतो. २००५ च्या चित्रपटाच्या (भाग ३) सुरुवातीला अनाकिन डूकूचे दोन्ही हात छाटतो आणि हाच सम्राट त्याला अशीच चिथावणी देतो. अनाकिन मारतो, ल्यूक तलवार फेकून देतो. हे दोन प्रसंग पाठोपाठ आठवले तर दुसऱ्याचे वजन वाढते, हे मान्य करणे भाग आहे. म्हणून चार, पाच, मग दोन, तीन आणि शेवटी सहा, हा जो मधला क्रम काही जण सुचवतात, त्याला माझा विरोध पूर्वीइतका कडवा राहिलेला नाही. भाग १ ला दारातच ठेवणारा क्रम असल्यामुळे तो मला अधिकच पसंत पडला असेल, असे सांजवेळ म्हणतील, म्हणोत.

एक पासून मात्र नाही. 'जेडाय'मध्ये ल्यूकची जुळी बहीण लेया सांगते, की आई ती अगदी लहान असताना गेली, पण सुंदर, प्रेमळ आणि उदास अशी ती थोडीशी आठवते. क्रमांकाने पाहणाऱ्याने तिची आई पॅडमेला बाळंतपणातच मरताना पाहिलेले असते. तिथे त्याचा पाय अडखळणार, आणि तो आपण अडखळवलेला असणार.

दुर्बीण

एवढ्या मोठ्या मनाने माघार घेतल्याबद्दल आभार. तासभर बोलून अर्धा इंच सरकलात. लेयाची आठवण ही अडचण आहे हे कबूल. पण त्या अडचणीचे खापर क्रमावर फुटत नाही. २००५ मध्ये कोणीतरी १९८३ चा चित्रपट नीट पाहिला नाही, त्याचे ते फळ आहे, आणि आपल्या क्रमाने पाहणाऱ्यालाही ती विसंगती दिसतेच, फक्त उलट्या दिशेने. रिळवाला यांचा मुद्दा मात्र माझ्याच बाजूचा ठरतो, हे त्यांच्या लक्षात आलेले दिसत नाही. उपलब्ध आवृत्त्या जर भाग १ ते ३ गृहीत धरूनच बदललेल्या असतील, शेवटचा तरुण अनाकिन ओळखायला ते तीन भाग आधी पाहावेच लागत असतील, तर आज हातात असलेल्या चित्रपटांचा क्रम एकच उरतो. मी सांगितलेला.

रिळवाला

हा युक्तिवाद ऐकून त्रास झाला, कारण तो चुकीचा आहे असे म्हणता येत नाही. म्हणूनच तर मूळ आवृत्ती हवी. २०२५ च्या जूनमध्ये लंडनला ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूटच्या महोत्सवात १९७७ ची अस्सल टेक्निकलर प्रत पडद्यावर दाखवली गेली, आणि पन्नाशीनिमित्त २०२७ मध्ये मूळ चित्रपट पुन्हा चित्रपटगृहांत आणण्याची घोषणाही झाली आहे. ती प्रत घरी येऊ द्या, मग पुतणीला पुन्हा बसवा.

तिरकी_रेघ

जरूर बसवा. त्या प्रतीत बेरूकाकू कोणत्या आवाजात बोलणार, तेवढे आधी विचारून ठेवा.